मनगटाला स्क्रू लागल्यापासून पुन्हा गोलपोस्टमध्ये उभं राहीपर्यंत: एका गोलकीपरचा सीझन

स्कॅफॉइडचं (मनगटातल्या एका छोट्या हाडाचं) ऑपरेशन झालेल्या कीपरचे अनुभव मी स्वतः शोधत होतो तेव्हा डॉक्टरांनी लिहिलेलं भरपूर सापडलं, पण एखाद्या कीपरनं लिहिलेलं जवळजवळ काहीच नाही. म्हणून सीझन संपल्यावर सगळं तारखांसकट लिहून ठेवतोय. मी प्रोफेशनल फुटबॉल खेळतो, वय तिशीच्या पुढे, दुखापत झाली तेव्हा टीमचा कॅप्टन होतो आणि माझा करार ३० जून २०२५ ला संपणार होता. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा कारण पुढचं बरंचसं टेन्शन तिच्यामुळे आहे. क्लबचं किंवा कुणाचं नाव देत नाहीये, त्याची गरजही नाही.

१४ सप्टेंबर २०२४, शनिवार. दुसऱ्या हाफमध्ये उजवीकडून क्रॉस आला, मी बाहेर येऊन पंच केला, गर्दीत कुणाच्या तरी खांद्याला लागून तिरका खाली आलो आणि डावा हात मागे टेकला गेला, सगळं वजन तळव्यावर. त्या क्षणी फार दुखलं नाही. मॅच पूर्ण खेळलो. संध्याकाळी अंगठ्याच्या मुळाशी सूज आली आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवता येईना, तेव्हा क्लबच्या डॉक्टरांना फोन केला.

त्याच रात्री एक्स-रे झाला आणि तो स्वच्छ आला. इथेच बरेच जण फसतात म्हणून नीट सांगतो. स्कॅफॉइड म्हणजे मनगटात अंगठ्याच्या बाजूला असलेलं काजूएवढं आणि काजूच्याच आकाराचं हाड, आणि ते मोडलं तरी पहिल्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही. अंगठा ताणला की मनगटाच्या बाजूला जो खळगा पडतो ना, तिथे डॉक्टरांनी बोट दाबलं आणि मी जवळजवळ उडालोच. ते म्हणाले एक्स-रे काहीही सांगो, आपण मोडलंय असंच धरून चालायचं, अंगठ्यासकट स्प्लिंट बांधला आणि एमआरआय लिहून दिला. बुधवारी १८ तारखेला एमआरआय झाला, हाड मधल्या भागात मोडलेलं होतं. या हाडाला रक्त मुख्यतः बोटांच्या बाजूने आत शिरतं आणि तिथून मागे कोपराच्या दिशेला जातं, त्यामुळे मधे मोडलं की मागच्या तुकड्याला रक्त कमी पडतं, हाड सावकाश जुळतं आणि कधी कधी जुळतच नाही. पडल्यावर त्या खळग्यात दुखत असेल तर ‘मुरगळलं असेल’ म्हणून पट्टी बांधून पुढच्या ट्रेनिंगला उभे राहू नका, एवढं तरी या लेखातून घ्या.

सर्जननी दोन पर्याय सांगितले, प्लास्टर किंवा स्क्रू. प्लास्टरमध्ये हात जास्त काळ अडकून राहतो, स्क्रूमध्ये मनगट लवकर हलवायला मिळतं, पण हाड जुळायला जो वेळ लागायचा तो लागतोच, स्क्रूमुळे हाड घाई करत नाही. दुसरं मत मी स्वतःच्या खर्चानं घेतलं कारण क्लबच्या विम्यात ते बसत नव्हतं. दोघांचं म्हणणं सारखंच निघालं, तरी ते पैसे वाया गेले असं मला वाटत नाही, ऑपरेशन टेबलवर मी शांतपणे झोपलो ते त्यामुळेच. मंगळवारी २४ तारखेला स्क्रू बसला.

आता कागदपत्रं. अपघाताचा फॉर्म क्लबनं भरला तरी तो एकदा स्वतः वाचा. मॅचची तारीख, कितव्या मिनिटाला लागलं, पहिल्यांदा कोणत्या डॉक्टरांनी बघितलं, हे सगळं हॉस्पिटलच्या कागदाशी जुळलं पाहिजे. माझ्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टवर एक आणि हॉस्पिटलच्या केसपेपरवर दुसरं होतं, तेवढ्यावरून क्लेम काही आठवडे अडकून बसला. स्कॅनचा नुसता रिपोर्ट घेऊ नका, मूळ इमेजेस मागून घ्या, पुढचा प्रत्येक डॉक्टर त्याच मागतो. पॉलिसीत काय मिळतं तेही आधी बघा. माझ्या बाबतीत मूळ पगाराचा भाग सुरक्षित होता पण मॅच खेळल्याचा आणि क्लीन शीटचा, म्हणजे एकही गोल न खाल्ल्याचा, बोनस अर्थातच बंद झाला, आणि कीपरच्या उत्पन्नात तो भाग लहान नसतो. घरी त्याच आठवड्यात बसून पुढच्या सहा महिन्यांचा हिशोब मांडला, जड गेलं पण बरं केलं.

डोपिंगच्या नियमांबद्दल तर कुणी आपणहून सांगतच नाही. दुखापत झाली म्हणून तपासणीतून सुटका होत नाही. तुमचं नाव रजिस्टर्ड टेस्टिंग पूलमध्ये (तपासणीसाठी निवडलेल्या खेळाडूंच्या यादीत) असेल तर रोज एक तास तुम्ही कुठे सापडाल ते सांगावंच लागतं आणि बारा महिन्यांत तीन चुका म्हणजे थेट नियमभंग. पूलमध्ये नसाल तरी टीमचं ट्रेनिंग सोडून रिहॅब सेंटरला जात असाल तर तो पत्ता टीम मॅनेजरला लेखी कळवा. औषधांचंही तसंच. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात बंदी असलेल्या यादीत आहे, आणि शरीरात कुठेही घेतलेलं कॉर्टिकोस्टेरॉइडचं (सूज आणि दुखणं कमी करणाऱ्या स्टेरॉइडचं) इंजेक्शन १ जानेवारी २०२२ पासून. ऑपरेशननंतर दुखणं कमी करायला कुणी काही द्यायला लागलं तर आधी नाव विचारा आणि क्लबच्या डॉक्टरांना पाठवा. मी ऑपरेशनच्या वेळी दिलेल्या प्रत्येक औषधाची यादी हॉस्पिटलकडून सही-शिक्क्यासकट घेतली, ती आजही माझ्या फोनमध्ये आहे.

तोवर मैदानावर काय चाललं होतं? ट्रान्सफर विंडो, म्हणजे नवे खेळाडू रजिस्टर करायची मुदत, बंद झालेली होती. आमचा दुसरा कीपर विशीतला, सीनियर टीमसाठी अगदी मोजक्या मॅचेस खेळलेला, तो रातोरात पहिला झाला. तिसरा म्हणून क्लबनं एक अनुभवी कीपर आणला ज्याचा आधीचा करार विंडो बंद होण्यापूर्वीच संपला होता. फिफाच्या नियमात अशा करार नसलेल्या खेळाडूला विंडोबाहेरही रजिस्टर करायची सोय आहे. कीपर जखमी झाला की कोणत्याही क्लबची धावपळ होते कारण तिथे दुसऱ्या जागचा माणूस उभा करता येत नाही. वर्ल्ड कपमध्येसुद्धा बाकीच्या खेळाडूंसाठी बदलाची मुदत पहिल्या मॅचच्या आधीच संपते पण कीपर जखमी किंवा आजारी पडला तर मधेही बदलता येतो, ते याचसाठी.

खोटं कशाला बोलू, त्या रात्री झोप आली नाही. कीपरची जागा एकच असते. विंगर जखमी होऊन परत आला तर डावीकडे, उजवीकडे, शेवटच्या वीस मिनिटांत कुठे ना कुठे खेळतो. आम्हाला ते नाही. मला सारखा कासियास आठवत होता. २००२ च्या वर्ल्ड कपच्या तोंडावर स्पेनचा पहिला कीपर कानिझारेस याच्या पायावर आफ्टरशेवची बाटली पडून टेंडन कापला गेला आणि एकवीस वर्षांचा कासियास पोस्टमध्ये आला, आयर्लंडविरुद्ध पेनल्टी अडवून त्यानं टीमला पुढे नेलं. आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याच कासियासच्या हाताचं हाड मोडलं, रेआल माद्रिदनं दिएगो लोपेसला घेतलं, आणि बरा होऊनही त्या सीझनमध्ये लीगमध्ये कासियासला त्याची जागा परत मिळाली नाही. एकाच माणसानं दोन्ही बाजू बघितल्या. आपल्या जागेवर उभा असलेला पोरगा चांगला खेळावा असं वाटायचं की नाही, हा प्रश्न प्रत्येक जखमी कीपरच्या मनात येतो आणि कुणी तो बोलून दाखवत नाही.

मी तो बोलून दाखवला. गोलकीपिंग कोचना म्हटलं, सर, मला त्याच्याबरोबर राहू द्या, रिहॅब सकाळी करतो पण कीपर्सच्या सेशनला मी येणार. ते म्हणाले ये, पण येशील तर कामाला ये, बसून राहायला नको. मग ऑक्टोबरपासून मी गोलच्या मागे उभा राहायला लागलो, हात स्प्लिंटमध्ये, खिशात वही. मॅचच्या दिवशी वर स्टँडमध्ये.

आणि इथे मला जे कळलं ते सांगण्यासाठीच खरं तर हे सगळं लिहितोय. हात चालत नसलेला कीपर सात मीटर बत्तीस सेंटीमीटर रुंद गोलच्या मागे उभा राहिला की त्याला दिसतं की गोलवर येणारे बहुतेक शॉट हे त्याआधी काही सेकंद न बोललेल्या शब्दांमुळे येतात. फुलबॅक दोन पावलं आत सरकला असता तर पास गेलाच नसता, आणि त्याला ते सांगू शकणारा मैदानावर एकच माणूस असतो, ज्याला सगळं समोर दिसतं. बाकी दहाही जणांच्या पाठीमागे काही ना काही असतं. सेव्ह ही आम्ही शेवटी करायची गोष्ट आहे, त्याच्या आधीचं सगळं काम तोंडानं होतं. बावीस-तेवीस वर्षांचा होतो तेव्हा मला कुणी हे सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती आणि परत डाइव्हची प्रॅक्टिस करायला गेलो असतो. हात बांधलेले असताना मात्र दुसरं काही करण्यासारखंच नव्हतं.

मग मी एक काम केलं, चारही डिफेन्डर्सबरोबर वेगवेगळा बसलो आणि विचारलं की तुम्हाला मागून काय ऐकायचं असतं. उत्तरं इतकी वेगळी आली! एक सेंटर बॅक म्हणाला मला फक्त माझ्या पाठीमागे कोण आहे ते सांगा, समोरचं मला दिसतं. दुसऱ्याला सतत आवाज हवा होता, आवाज थांबला की त्याला वाटतं कीपर झोपला. लेफ्टबॅक म्हणाला, गोल खाल्ल्यावर पहिली दोन मिनिटं मला काहीही सांगू नका, माझ्या डोक्यात जात नाही. राईटबॅक नवीन होता, त्याला आमच्या अर्ध्या हाका कळतच नव्हत्या आणि त्याला विचारायला संकोच वाटत होता. मग हाका ठरवल्या. आधी नाव, मग काम, आणि काम एका शब्दात. मी चेंडूसाठी येतोय तर ‘कीपर’, येत नाहीये तर ‘अवे’, आणि दोन्हीपैकी एक हाक चेंडू हवेत असतानाच आली पाहिजे. पाठीवर माणूस असेल तर ‘मॅन ऑन’, मोकळा असेल तर ‘टाइम’. आणि मैदानभर ओरडायचं नाही कारण गर्दीच्या आवाजात माझा आवाज सेंटर बॅकच्या पुढे जातच नाही, तर मी त्याला सांगायचं, त्यानं मिडफिल्डला सांगायचं.

हे सगळं मी त्या पोराला वापरायला दिलं, कारण पोस्टमध्ये तो होता. पहिल्या मॅचमध्ये त्याचा आवाज दर वेळी उशिरा येत होता, बघायचा, ठरवायचा आणि मग बोलायचा, तोवर क्रॉस आलेला असायचा. आम्ही ट्रेनिंगमध्ये एक ड्रिल केलं ज्यात त्यानं चेंडूला हात लावायचाच नाही, फक्त बोलून डिफेन्सकडून शॉट अडवून घ्यायचे. नोव्हेंबरपर्यंत फरक दिसायला लागला. एकदा गाडीतून जाताना तो म्हणाला, ‘दादा, तुम्ही मला एवढं सगळं शिकवताय, उद्या तुमचीच जागा अडकली तर?’ मी म्हटलं, ‘अडकली तर अडकली रे, पण टीमनं गोल खाल्ले तर आपण दोघंही बाहेर बसू.’ मनात शंभर टक्के तसंच होतं असं नाही सांगणार, पण बोलून टाकल्यावर तसं वागणं सोपं गेलं.

५ डिसेंबरला सीटी स्कॅन झाला. मी मनात धरून चाललो होतो की ख्रिसमसच्या आसपास ग्लोव्ह्ज चढवेन. सर्जननी स्क्रीनवर दाखवलं, हाड काही भागात जुळलंय, मधे अजून फट आहे. पूर्ण वजन नको, पडणं तर मुळीच नको, पुढचा स्कॅन जानेवारीत. गाडीत बसून बराच वेळ इंजिन सुरूच केलं नाही. या टप्प्यावर सगळे तुम्हाला ‘पॉझिटिव्ह राहा’ सांगतील, त्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो फिजिओच्या प्रश्नाचा, ती म्हणाली, ‘उद्या सकाळी काय करणार आहात ते सांगा, जानेवारीचं जानेवारीत बघू.’ मग उद्या सकाळी पायांचं काम, परवा व्हिडिओ, असं करत गेलो.

व्हिडिओवरून आठवलं. त्या काळात अ‍ॅनालिस्टबरोबर बसून मी पेनल्टी बघत होतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला इस्रायली संशोधकांचा एक अभ्यास आहे, २८६ पेनल्टींचा. त्यात जवळपास २९ टक्के किक गोलच्या मधल्या भागात गेल्या होत्या पण कीपर मधे थांबले होते जेमतेम ६ टक्के वेळा. कारण काय, तर उडी मारून गोल खाल्ला तर निदान प्रयत्न केला असं दिसतं, उभं राहून खाल्ला तर मूर्ख दिसतो. प्रेशर म्हणजे नेमकं काय ते मला या एका आकड्यात सापडलं, चेंडूचं प्रेशर कमी आणि आपण कसे दिसू याचं जास्त. आणि जर्मनीचा कीपर लेमन याची चिठ्ठी, २००६ चा वर्ल्ड कप, अर्जेंटिनाविरुद्ध क्वार्टर फायनल, पेनल्टी शूटआउट; कोण कुठे मारतो ते त्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. सगळे सांगतात की चिठ्ठीवर लिहिलं होतं म्हणून त्यानं अडवलं. पण शेवटची पेनल्टी घेणाऱ्या कांबियासोचं नावच त्या चिठ्ठीवर नव्हतं. लेमननं तरीही ती काढून शांतपणे वाचली, आणि अडवली. माझ्या मते चिठ्ठीतल्या माहितीएवढीच ती वाचण्याची सवय कामाची होती. तेव्हापासून मी माझं ठरवून टाकलंय, पेनल्टी मिळाली की लाइनवर उभं राहून एक लांब श्वास सोडायचा, ग्लोव्ह्जचा पट्टा एकदा घट्ट करायचा, आणि किक लागेपर्यंत निदान एक पाय लाइनवर ठेवायचा. बाकी विचार बंद.

९ जानेवारीच्या सीटीत हाड जुळलेलं दिसलं. त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट सुरू झाली, करार संपायला सहा महिन्यांहून कमी राहिले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी बोलू शकतो. एजंटचे फोन आले, पण समोरचा प्रत्येक क्लब पहिला प्रश्न मनगटाचाच विचारत होता. एक माहिती कामाला येईल, फिफाच्या नियमाप्रमाणे मेडिकल पास होण्याच्या अटीवर कराराची वैधता ठेवता येत नाही, म्हणून मेडिकल नेहमी सहीच्या आधी होतं. तुमचे स्कॅन तयार नसतील तर सहीच लांबते. माझ्या क्लबनं सांगितलं, आधी खेळताना बघू. मला ते रास्तच वाटलं.

चेंडू हातात यायचा क्रम असा होता. आधी स्पंजचा चेंडू, मग टेनिस बॉल भिंतीवर टाकून एका हातानं पकडणं, मग जवळून हळू दिलेला नेहमीचा चेंडू, मग जमिनीवरून येणारे, मग व्हॉली. पडणं वेगळं शिकावं लागलं, आधी जाड मॅटवर गुडघ्यांवरून, मग बसक्या अवस्थेतून, मग उभ्यानं, शेवटी गवतावर. सगळ्यात शेवटी क्रॉस, अंगावर माणसं असताना. फिजिओ पकडीची ताकद एका छोट्या मशीनवर मोजायची. इथे माझं नशीब चांगलं, सीझन सुरू होताना क्लबनं दोन्ही हातांची पकड मोजून ठेवली होती, त्यामुळे डावा हात आधी किती होता ते माहीत होतं, नाहीतर उजव्याशी तुलना करत अंदाज बांधत बसलो असतो. तुमच्या क्लबमध्ये मोजत नसतील तर मागे लागून मोजून घ्या, दुखापत व्हायच्या आधी.

भीतीबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. हाड जुळलं होतं, पकड आली होती, पण डावीकडे पडायची वेळ आली की हात आपोआप पोटाशी यायचा. चेल्सीचा कीपर पेटर चेक याची कवटी १४ ऑक्टोबर २००६ ला फुटली आणि २० जानेवारी २००७ ला तो हेडगार्ड घालून परत खेळला, एवढ्या तीन महिन्यांत तो स्ट्रायकरच्या पायाशी परत कसा झेपावला असेल याचा मी फार विचार केला. माझ्यापुरतं उत्तर असं निघालं की भीती जाईपर्यंत थांबायचं नाही, संख्या वाढवत जायची, आणि कोचना सांगून ठेवायचं की आज हात मागे येतोय. सांगितलं की ते चेंडू तसे द्यायचे. लपवलं असतं तर तिथेच अडकलो असतो.

फेब्रुवारीच्या शेवटी फिटनेसचा कागद झाला. त्यावर सर्जन, क्लबचे डॉक्टर आणि विमा कंपनीनं नेमलेले डॉक्टर, तिघांच्या सह्या लागल्या, आणि तिसरी सही यायला सगळ्यात जास्त दिवस गेले, त्यांना आधीच अपॉइंटमेंट मागून ठेवा. ग्लोव्हच्या आत मी मऊ सपोर्ट बांधत होतो. नियमात मऊ, हलकं, कुणाला इजा न करणारं संरक्षण चालतं पण मॅचआधी रेफ्रींना दाखवा, टनेलमध्ये उभं राहून पट्ट्या सोडण्यापेक्षा बरं.

परत आलो तो बेंचवर. पोरगा छान खेळत होता, त्याला काढायचं काही कारण नव्हतं आणि हेड कोचनी मला ते तोंडावर सांगितलं, मला आवडलं. बेंचवरच्या कीपरचं काम म्हणजे पहिल्या कीपरचा वॉर्मअप नीट करून देणं, त्या दिवशी त्याला उंच चेंडू हवेत की जमिनीवरचे, बोलायचंय की गप्प राहायचंय ते ओळखणं. हे काम मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून केलं असं म्हणेन.

१५ मार्च, शनिवार. पहिला हाफ संपत आलेला, स्ट्रायकर एकटा निसटला, आमचा पोरगा बॉक्सबाहेर आला, टक्कर झाली, रेड कार्ड. आमचा एक मिडफिल्डर बाहेर आला आणि मी आत गेलो, बॉक्सच्या अगदी तोंडावर फ्री किक. सहा महिन्यांनंतरची पहिली कृती म्हणजे वॉल (फ्री किकसमोर उभी केलेली खेळाडूंची भिंत) लावणं. पोस्टला टेकून उभा राहिलो, ‘चार, अजून एक डावीकडे, थांब’, सेंटर बॅकनं मान न वळवता हात वर करून कळलं म्हणून सांगितलं, आणि किक वॉलला लागून बाहेर गेली. मी चेंडूला हातही लावला नव्हता. मनगट त्या क्षणापर्यंत विसरलोच होतो, हे नंतर लक्षात आलं.

हाफटाइमला पोरगा ड्रेसिंग रूममध्ये टॉवेल डोक्यावर घेऊन बसलेला. मी त्याला धीर वगैरे दिला नाही, शेजारी बसलो आणि विचारलं, त्यांचा नऊ नंबर कोणत्या पायानं आत वळतो? तो दोन क्षण गप्प बसला आणि मग भराभर सांगायला लागला, उजव्यानं वळतो, कॉर्नरला नियर पोस्टला येतो, त्यांचा लेफ्टबॅक दमलाय. त्याचा प्रत्येक शब्द मला दुसऱ्या हाफमध्ये लागला. दहा जणांनी एक गोल खाल्ला, एक केला, मॅच बरोबरीत सुटली.

त्याच्या सस्पेन्शनमध्ये मी खेळलो आणि नंतर कोचनी मलाच ठेवलं. एप्रिलमध्ये पेनल्टीही आली. श्वास सोडला, पट्टा घट्ट केला, शेवटपर्यंत मधे थांबलो, त्यानं डावीकडे कोपऱ्यात मारली, गोल. उभा राहून खाल्ला. चार डिफेन्डर्सना जवळ बोलावलं आणि फक्त पुढचा किकऑफ कसा दाबायचा तेवढंच बोललो, लेफ्टबॅककडे बघितलंसुद्धा नाही कारण त्याला दोन मिनिटं लागतात. आमच्यात ठरलेलं आहे, कुणाचं काय चुकलं ते सोमवारी व्हिडिओवर.

कॅप्टनच्या आर्मबँडचं राहिलंच. मी नसताना सेंटर बॅक कॅप्टन झाला होता. परत आल्यावर कोचनी मला विचारलं आणि मी म्हटलं त्याच्याकडेच राहू द्या. इटलीच्या झॉफनं १९८२ मध्ये वयाच्या चाळिसाव्या वर्षी, कासियासनं २०१० मध्ये, फ्रान्सच्या लोरिसनं २०१८ मध्ये कॅप्टन म्हणून वर्ल्ड कप उचलला, तेव्हा कीपर कॅप्टन होऊ शकत नाही असं कुणी म्हणणार नाही. पण आता बऱ्याच स्पर्धांत रेफ्रींशी फक्त कॅप्टननंच बोलायचं असं आहे, कीपर कॅप्टन असेल तर मैदानातला दुसरा एक जण आधी नेमावा लागतो. म्हणजे तसंही बोलायचं काम त्यालाच करावं लागणार, आणि मी मागून त्याच्याशी बोलतच असतो. तो ते सहा महिने चांगलं सांभाळत होता, ते मधेच काढून घेण्यात मला काही शहाणपण दिसलं नाही.

जूनमध्ये एका वर्षाचा करार झाला, मूळ रक्कम आधीपेक्षा थोडी कमी, मॅच खेळल्याचा बोनस जास्त. पोरगा लोनवर दुसऱ्या क्लबला गेला, तिथे तोच पहिला आहे. जुलै २०२५ पासून कीपरनं चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर थेट कॉर्नर, रेफ्री शेवटचे पाच सेकंद हात वर करून मोजतात, त्यामुळे आता चेंडू पकडल्यावर आधी पुढे बघायचं आणि मग उठायचं अशी प्रॅक्टिस दोघंही आपापल्या ठिकाणी करतोय, फोनवर त्याचंच बोलणं चालतं.

स्क्रू काढायचा का असं बरेच जण विचारतात. माझ्या सर्जननी सांगितलं, त्रास देत नाही तोवर राहू दे. मनगट मागे पूर्वीइतकं वाकत नाही, पुशअप मी मुठीवर करतो. विम्याचे पैसे जूनअखेर आले पण फाइल अजून बंद नाही, डिसेंबरमध्ये आणखी एक एक्स-रे मागितलाय, त्यामुळे मूळ पावत्या आणि स्कॅनच्या सीडी कुणालाही देऊन टाकू नका, मागितल्या तर कॉपी द्या.